देवरे मॅडमची सही

आमच्या कॉलेजच्या यंदाच्या वार्षिक अहवालात सतराव्या पानावर एक वाक्य छापलं आहे : 'संगणक प्रयोगशाळेत संगणक प्रणाली उपलब्ध नव्हती, ती चालू वर्षी उपलब्ध करून देण्यात आली.' हे वाक्य खोटं आहे. त्या प्रयोगशाळेत मी एक वर्ष शिकले. तिथले बावीस संगणक चालू होते, आणि ते कशावर चालत होते हेही मला माहीत आहे. इतक्या ठामपणे मी आजवर काही लिहिलेलं नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. घरी आम्ही पावरी बोलतो, मराठी मी शाळेत शिकले, आणि छापलेलं असतं ते खरंच असतं, असं बरीच वर्षं धरून चालले होते.

अहवाल मी तीनदा वाचला. वंदना देवरे हे नाव त्यात कुठेच नाही. अकरा वर्षं त्या खोलीचं कुलूप ज्यांनी उघडलं त्यांचं नाव नाही. कुलूप बदलल्याची नोंद मात्र परिशिष्टात आहे. म्हणून मला जमेल तसं हे लिहिते आहे.

देवरे मॅडम प्रयोगशाळा सहायक होत्या. ऑफिसात त्यांना 'देवरे बाई' म्हणत. सहायकांना मॅडम म्हणू नये, असं एकदा हेडक्लार्क अण्णांनी आम्हाला सांगितलंही होतं. आम्ही त्यानंतर जरा जास्तच मोठ्यानं मॅडम म्हणू लागलो. ठेंगण्या, सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, हातात पुरुषी घड्याळ. पर्समध्ये रंगाऱ्याचा दोन इंची ब्रश. कॉलेजच्या मागच्या भिंतीपलीकडे मिरच्या वाळत घालतात. हंगामात ती सगळी जमीन लाल असते आणि वारा सुटला की ती लाल धूळ खिडक्यांच्या फटींतून आत येते. संगणकांना सगळ्यात आवडते ती तीच. मॅडम संगणकाची पेटी उघडून आतल्या पंख्यावर ब्रश फिरवायला लागल्या की पहिली रांग शिंकायची, मग दुसरी. जो आधी शिंकेल त्यानं पुढची पेटी साफ करायची, असा नियम होता. वसंत नावाचा आमच्या वर्गातला हुशार मुलगा नाक दाबून बसायचा आणि मॅडम मुद्दाम त्याच्याच शेजारची पेटी उघडायच्या.

प्रत्येक संगणकाला त्यांनी एक कार्ड लटकवलं होतं. त्यांची बहीण अंगणवाडीत होती. तिच्याकडची उरलेली, मुलांचं वजन नोंदवायची कार्डं : हिरवा पट्टा, पिवळा पट्टा, लाल पट्टा. वजनाच्या जागी मॅडम लिहायच्या, 'मेमरी बदलली', 'उंदरानं वायर कुरतडली', 'ताप येतो, दुपारी बंद ठेवणे'. आमच्याकडच्या मुलांना त्या कार्डांचा अर्थ कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. ज्यांच्या घरात लाल पट्ट्यातलं, फार कमी वजनाचं मूल होतं, ते त्या संगणकांशी फार हळू वागायचे.

शिकवताना त्या आमच्या माउसला कधी हात लावत नसत. दोन्ही हात पाठीमागे धरून उभ्या राहायच्या आणि बोलायच्या. एखादीला दहा मिनिटं जमलं नाही तरी हात पुढे यायचे नाहीत. प्राचार्यांशी त्या शाळेतलं मराठी बोलायच्या, आमच्याशी अहिराणी. आम्हा डोंगरातल्या मुलींना अहिराणीही परकीच, पण तिची भीती वाटत नसे. संगणक अडकला की त्या वाकून त्यालाच विचारायच्या, "आते काय व्हयनं रे तुले?"

अकरा वर्षं त्या तात्पुरत्या होत्या. जूनमध्ये नेमणुकीचा कागद यायचा, एप्रिलमध्ये संपायचा. धानोऱ्याहून एसटीनं यायच्या-जायच्या. घरी सासूबाई आणि नर्सिंगला जायचं म्हणणारी मुलगी. त्या वर्षी जानेवारीत तपासणी समिती येणार होती. समितीनं प्रयोगशाळा ठीक म्हटली की पदाला मान्यता आणि मॅडम कायम. नाही म्हटली, तर पुढच्या वर्षी त्या नेमणुकीची वयाची अट ओलांडणार होत्या. हे सगळ्या कॉलेजला माहीत होतं. शिपाई त्यांना आतापासूनच पेढे मागायचे.

आता ज्या गोष्टीमुळे सगळं बदललं ती सांगते. ती आमच्याच चुकीमुळे झाली, म्हणून सांगायला थोडी लाज वाटते.

संगणकाच्या पेपरसाठी प्रात्यक्षिकाची वही असते. पहिलं प्रात्यक्षिक म्हणजे पडद्याचं चित्र काढून त्यातल्या भागांना नावं द्यायची. आम्ही पट्टी घेऊन चौकोन काढले, कचरापेटी काढली, घड्याळ काढलं. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली इंग्रजीत एक ओळ असायची. ती प्रत्येक संगणकावर होती, म्हणून आम्ही तीही उतरवली. माझ्या शेजारी बसणाऱ्या रमिलानं तर तिला बाण काढून नाव दिलं : '५. सूचना पट्टी'. मॅडम वह्या तपासत होत्या. रमिलानं विचारलं, मॅडम, पाचव्याचं काम काय ते लिहायचं राहिलंय, काय लिहू?

मॅडमनी वही जवळ घेतली. ती ओळ वाचली. मग मराठीत सांगितली : "ही प्रत अस्सल नाही."

कुणालाच काही कळलं नाही. वसंतनं समजावलं की विंडोज कॉपी करून टाकलेली असली की असं येतं, सगळीकडेच येतं, त्यात काही नाही. मॅडमनी कपाट उघडलं. मागच्या वर्षांच्या वह्या रद्दीत द्यायच्या म्हणून बांधून ठेवल्या होत्या. एक गठ्ठा सोडला. वरची वही उघडली, मग दुसरी, मग तिसरी. प्रत्येक वहीत तो पडदा, प्रत्येक पडद्यावर ती ओळ, कुणी निळ्या शाईनं, कुणी पेन्सिलनं, एकीनं तर सुंदर वळणदार अक्षरात. प्रत्येक पानाखाली बरोबरची लाल खूण आणि मॅडमची सही.

त्यांनी टेबलाच्या खणातून एक फॉर्म काढला आणि रमिलाला मोठ्यानं वाचायला लावला. दर वर्षी प्रयोगशाळेकडून ऑफिसात जाणारा फॉर्म. रमिला अडखळत वाचत होती : 'सर्व संगणकांवर अधिकृत प्रणाली असल्याचे मी प्रमाणित करते.' खाली सहीची रेघ.

"धा वरीस," मॅडम म्हणाल्या, "मी आठे सही करी ऱ्हायनू. वाचं नही कधी."

त्यांच्यावर कुणी आरोप केला नव्हता. कुणी करणारही नव्हतं. तो फॉर्म जिल्ह्यातल्या किती ठिकाणी असाच भरला जात असेल, कोण जाणे. पण त्या दिवशी मॅडमनी तास लवकर सोडला, असं कधी होत नसे.

नवी, विकतची प्रणाली आमच्या जुन्या संगणकांवर चाललीच नसती. मॅडमनी दुसरा रस्ता शोधला. लिनक्स नावाची एक प्रणाली असते. ती कुणा एकाच्या मालकीची नाही, कुणीही घ्यावी, टाकावी, दुसऱ्याला द्यावी, आणि तसं तिच्या परवान्यातच लिहिलेलं असतं. त्यांनी ती पाण्याच्या टाकीशेजारी, गच्चीवर, जिथे फोनला रेंज येते तिथे उभं राहून उतरवून घेतली. दिवाळीच्या सुट्टीत रोज धानोऱ्याहून येऊन एकेका संगणकावरची प्रणाली बदलली. पहिल्या चार दिवसांत एकही धड चालला नाही, असं शिपायानं आम्हाला नंतर सांगितलं. पाचव्या दिवशी एक चालला, तेव्हा त्यांनी त्याला बोलावून दाखवला आणि दोघांनी डब्यातल्या शंकरपाळ्या खाल्ल्या.

सुट्टीनंतर आम्ही आलो आणि घाबरलो. आम्ही संगणक शिकलो होतो ते जागा पाठ करून : डाव्या कोपऱ्यातलं बटण, वरून तिसरी ओळ. आता बटण तिथे नव्हतं. वसंत चिडला. नोकरीच्या ठिकाणी हे चालणार नाही, आमचं नुकसान होतंय, असं तो सरळ बोलला. मॅडमनी त्याला एवढंच विचारलं, "तू गाडी शिकना, का गाडीना रंग शिकना?" वर्ग हसला. वसंत आठवडाभर बोलला नाही आणि मग कुणाला न सांगता तीच प्रणाली घरच्या संगणकावर टाकून आला.

सगळंच छान झालं असं नाही. आठ दिवस प्रिंटर नुसते चौकोन छापत होता. ऑफिसच्या स्कॅनरनं तर या प्रणालीला शेवटपर्यंत जुमानलं नाही, आणि अण्णांनी ते प्रत्येक बैठकीत सांगितलं. पण पेनड्राइव्हमधून येणारा रोग थांबला. आधी डोंगरातल्या मुलांचे प्रकल्प पेनड्राइव्ह लावला की नाहीसे व्हायचे, नुसती रिकामी चित्रं उरायची. आणि पडद्यावरचे सगळे शब्द मराठी झाले. मॅडम म्हणाल्या, प्रत्येक संगणकाला नाव द्यावं लागतं, तुम्ही आपापल्या गावांची द्या. बावीस संगणकांना बावीस गावं मिळाली. एका मुलानं मणिबेली मागितलं. त्याचं गाव जवळजवळ सगळं धरणाच्या पाण्याखाली गेलेलं, उरलेल्या घरांपर्यंत होडीनं जावं लागतं. तो रोज लवकर येऊन त्याच संगणकावर बसायचा. कुणी आधी बसलं तर नुसता शेजारी येऊन उभा राहायचा. मग सगळ्यांनी ती जागा सोडून दिली.

डिसेंबरमध्ये मॅडमनी तो फॉर्म पुन्हा भरला. या वेळी वाचून. सही केली आणि आम्हाला दाखवली.

जानेवारीत समिती आली. तीन जण. त्यांच्यातले मुख्य साहेब सोनेरी काड्यांचा चष्मा लावत. आमचा तास चालू ठेवायला सांगितलं होतं, म्हणून मी हे सगळं स्वतः पाहिलं. साहेबांनी प्रणालीचं बिल मागितलं. मॅडमनी सांगितलं, ही मोफत असते, बिल नसतं, हा परवाना. त्यांनी छापून, फाइलला लावून ठेवला होता. साहेबांनी पानं उलटली आणि विचारलं, हे तुम्हीच छापलंय ना? मॅडम हो म्हणाल्या. साहेबांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी जडवस्तू नोंदवही उघडली, कॉलेजातल्या प्रत्येक खुर्चीची आणि पंख्याची नोंद असलेली. तीत प्रणाली नव्हती.

अण्णा म्हणाले, "बिल नाही म्हणून नोंद नाही. नोंद नाही म्हणजे वस्तू नाही."

आम्ही सगळे त्या नसलेल्या वस्तूवर काम करत बसलो होतो.

एवढ्यावर संपलं असतं तर मी कदाचित लिहिलं नसतं. जेवणानंतर समितीला अहवाल टाइप करायचा होता. ऑफिसचा संगणक त्या दिवशी सुरूच होईना. साहेब प्रयोगशाळेत आले आणि पहिल्या रांगेतल्या 'धानोरा'समोर बसले. त्यांना मराठी टाइप करायचं कुठून ते सापडेना. मॅडम मागे उभ्या राहिल्या, हात पाठीमागे. सांगत गेल्या : वर उजवीकडे, साहेब. हां, ते. आता लिहा. साहेब दोन बोटांनी लिहीत होते. मॅडमना दिसत होतं. मला तिसऱ्या रांगेतूनही दिसत होतं. 'प्रयोगशाळेत संगणक प्रणाली उपलब्ध नाही. सबब प्रयोगशाळा कार्यरत मानता येत नाही. सबब सहायक पदास मान्यतेची शिफारस करता येत नाही.'

दोनदा 'सबब'. मी तो शब्द नंतर शब्दकोशात पाहिला.

मला वाटलं, आता मॅडम काहीतरी बोलतील. निदान वायर ओढतील. मी असते तर, असं म्हणावंसं वाटतं, पण मी तिथे होतेच आणि मी काही केलं नाही. मॅडम म्हणाल्या, "साहेब, सेव्ह करून घ्या. लाईट गेली तर सगळं जाईल."

साहेबांनी विचारलं, कुठून? मॅडमनी सांगितलं. मग प्रिंटर चालू करून दिला. तीन प्रती निघाल्या, स्वच्छ, काळ्याभोर, एकही चौकोन नाही. साहेब जाताना म्हणाले, बरं चालतं की तुमचं हे. ते मनापासून म्हणाले, याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. त्या माणसाला आपण काय केलं हे कळलंच नव्हतं. की कळलं होतं? मला अजून ठरवता आलेलं नाही.

आठवड्याभरानं मी बोनाफाईडसाठी प्राचार्यांच्या खोलीबाहेर बाकावर बसले होते. दार उघडंच होतं. प्राचार्य तसे वाईट नाहीत. ते मॅडमना समजावत होते. स्टेशन रोडवरचा दुकानदार एका दुपारी येऊन पहिलं होतं तेच परत टाकून देईल, त्याचं बिलही देईल. अण्णा नोंद करतील. फेब्रुवारीत फेरतपासणी मागू, मान्यता मिळून जाईल. अकरा वर्षं झाली, तुमच्या मुलीचं शिक्षण आहे, एवढ्यासाठी अडून बसू नका. आवाजात खरी काळजी होती.

मॅडमनी विचारलं, बिलावर काय लिहिलेलं असेल? प्राचार्य म्हणाले, अधिकृत प्रणाली, बावीस नग. आणि फॉर्मवर सही? ती तुमचीच, दर वर्षीसारखी.

मग मॅडम प्राचार्यांशी पहिल्यांदाच अहिराणीत बोलल्या. "सर, चोरेल वस्तूनं बिल भेटस, आनि हक्कानी वस्तूनं भेटस नही. मंग मी कसावर सही करू?"

प्राचार्य म्हणाले, तुमची मर्जी. माझा बोनाफाईडचा अर्ज हातातच होता. मॅडम बाहेर आल्या, मला पाहिलं आणि म्हणाल्या, तारीख घालायची राहिली बघ तुझी.

आम्ही एक अर्ज लिहिला. वर्गातल्या एकतीस जणांनी सह्या केल्या, वसंतनं सगळ्यात आधी. मजकूर मी लिहिला होता आणि तो फार नम्र झाला होता, हे मला आज कळतं. 'विनंती की विचार व्हावा' असं काहीतरी. अण्णांनी तो घेतला, विद्यार्थ्यांनी प्रशासनात लक्ष घालू नये असं सांगितलं आणि खणात टाकला. पोच दिली नाही. आम्ही मागितलीही नाही. पोच मागायची असते हे आम्हाला देवरे मॅडमनीच शिकवलं होतं, पण त्या वेळी कुणाला आठवलं नाही, किंवा धीर झाला नाही.

एप्रिलमध्ये मॅडमची नेमणूक संपली, या वेळी कायमची. निरोप समारंभ कायम कर्मचाऱ्यांचाच होतो. मेमध्ये दुकानदाराची माणसं येऊन गेली. जूनमध्ये आम्ही वर्गात शिरलो तेव्हा बटण पुन्हा डाव्या कोपऱ्यात होतं, गावं पुसली गेली होती, आणि उजवीकडे खाली ती इंग्रजी ओळ परत आली होती. नव्या मुलांनी वहीत ती उतरवून घेतली. तपासणाऱ्या सरांनी बरोबरची खूण केली. मी पाहिलं आहे.

त्यानंतर मॅडम मला एकदाच दिसल्या. डिसेंबरात रमिलाबरोबर सारंगखेड्याला घोडेबाजार पाहायला गेले होते. एका कापडी छपराखाली घोड्यांची नोंद करून कागद देत होते आणि टेबलामागे, जुन्या लॅपटॉपसमोर, मॅडम बसल्या होत्या. रोजंदारीवर घेतलं असावं. पुढे मोठी रांग, धूळ, घोड्यांचं खिंकाळणं. आम्ही भेटायला पुढे सरकलो, पण त्या कामात होत्या, म्हणून बाजूला थांबलो.

रांगेत पुढे एक उंच, भरघोस मिशांचा माणूस होता, हातात तांबूस घोड्याचा लगाम. घोड्याचं वय खरं तर दातांवरून पाहतात, त्यानं नुसतं चार सांगितलं. मॅडमनी टाइप केलं नाही. घोड्याकडे पाहिलं आणि विचारलं, चार? तो म्हणाला, हो ना, चारच. मागून कुणीतरी पुटपुटलं की हा गेल्या वर्षीही चारच होता. दोघं-तिघं हसले. टेबलाशेजारी उभा असलेला, शिक्का मारणारा माणूस वैतागून म्हणाला, ताई, ते सांगतात ते लिहा, रांग बघा केवढी झालीय.

मिशीवाला जरा पुढे झुकला. "लिहून टाका ना ताई. तुमचं काय जातं?"

मला वाटलं, मॅडमनी लिहावं. हे मी खरं सांगते आहे. त्यांची एवढी अकरा वर्षांची नोकरी गेली होती, निदान ही रोजंदारी तरी राहावी, असं मला मनापासून वाटलं. रमिलानं माझा हात घट्ट धरला होता.

मॅडमनी चष्मा वर सरकवला. खुर्ची मागे सारून उठल्या, टेबलाला वळसा घालून उन्हात आल्या आणि घोड्याच्या तोंडापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"उघाड त्यानं तोंड," त्या म्हणाल्या. "दात दखाड माले."